जलसा, कॅमेरा आणि काळ : ‘जय भीम कॉम्रेड’चे सामर्थ्य व मर्यादा

प्रस्तावना

मराठीत चित्रपटसमीक्षेची परंपरा जुनी असली तरी माहितीपटाकडे तिचे लक्ष क्वचितच गेले आहे. संगीताच्या सादरीकरणावर उभ्या राहिलेल्या माहितीपटाची चर्चा तर जवळजवळ नाहीच. पाश्चात्त्य देशांत रॉक संगीताच्या मैफलींवरील चित्रपट हा १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून एक स्वतंत्र प्रकार मानला जातो. ‘वुडस्टॉक’ (१९७०), ‘गिमी शेल्टर’ (१९७०), ‘द लास्ट वॉल्ट्झ’ (१९७८) ही त्यातील ठळक नावे. आपल्याकडे याला समांतर काय, असा प्रश्न विचारला की उत्तर सहसा शास्त्रीय गायकांवरील चरित्रपर लघुपटांत शोधले जाते. ही दिशा चुकीची आहे. मैफलीतील श्रोता बसलेला असतो, निवडक असतो आणि कलावंताच्या घराण्याशी परिचित असतो. रॉक मैफलीचे मर्म वेगळे आहे. उघड्या मैदानातील जमाव, ध्वनिवर्धक, अपुरी साधने, तरुण गायक आणि भोवतालच्या राजकारणाची धग या सर्वांतून ती घडते. हे सारे मराठी मुलखात जर कोठे एकत्र आढळत असेल, तर ते शाहिरी जलशात. आणि जलशाविषयीचा आजवरचा सर्वांत महत्त्वाचा चित्रपट म्हणजे आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) होय.

या चित्रपटाविषयी बरेच लिहिले गेले आहे. परंतु ते बहुतांशी त्याच्या राजकीय आशयाविषयी. तो गाण्यांचा चित्रपट आहे ही गोष्ट जाता जाता नोंदवली जाते. प्रस्तुत लेखात नेमकी हीच बाजू केंद्रस्थानी ठेवून त्याच्या गुणदोषांचा विचार करावयाचा आहे.

पार्श्वभूमी

११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपर येथील माता रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. संतप्त रहिवासी रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाने केलेल्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. चार दिवसांनी, १५ जुलैला, मुलुंडच्या झोपडवस्तीत राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी डोक्याला निळा पट्टा बांधून गळफास घेतला. घोगरे हे ‘आव्हान नाट्य मंच’ या डाव्या सांस्कृतिक पथकाचे गायक. पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या झोपडपट्टी निर्मूलनावरील माहितीपटात त्यांचा आवाज प्रेक्षकांनी ऐकलेला होता. दिग्दर्शकाचा मित्र आणि त्याच्या आधीच्या चित्रपटाचा गायक आत्महत्या करतो, तेथून ‘जय भीम कॉम्रेड’च्या चित्रीकरणाला सुरुवात झाली. ते पुढे चौदा वर्षे चालले.

चित्रपटाचे नाव म्हणजेच त्याचा प्रश्न आहे. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गाणारा माणूस मरताना निळा पट्टा का बांधतो? ‘जय भीम’ आणि ‘कॉम्रेड’ हे दोन शब्द शेजारी ठेवले, तरी त्यांच्यामध्ये कोणते अंतर उरते? या प्रश्नाचे उत्तर शोधत चित्रपट सुमारे तीन तास वस्त्या, जलसे, न्यायालय, निवडणुकीच्या सभा आणि चैत्यभूमी यांमधून फिरतो.

दोन प्रकारचे जमाव

मैफलीच्या चित्रपटात कॅमेरा कोठे उभा आहे, यावर जवळजवळ सर्व काही ठरते. मार्टिन स्कॉर्सेसी यांनी ‘द लास्ट वॉल्ट्झ’मध्ये २५ नोव्हेंबर १९७६ च्या मैफलीसाठी गाण्यांच्या ओळींनुसार कॅमेऱ्यांच्या हालचाली आधीच आखून ठेवल्या होत्या. परिणाम देखणा आहे; परंतु त्या चित्रपटात श्रोता जवळजवळ दिसतच नाही. मायकेल वॉडले यांच्या ‘वुडस्टॉक’मध्ये उलट घडते. ऑगस्ट १९६९ च्या त्या महोत्सवातील गायकांइतकाच, किंबहुना त्यांच्यापेक्षा अधिक, तेथील चिखल, पाऊस, अन्नाची टंचाई आणि शौचालये साफ करणारा कामगार लक्षात राहतो. आपला एक मुलगा याच जमावात आहे आणि दुसरा व्हिएतनाममध्ये, असे तो कामगार सहज सांगून जातो. एका वाक्यात त्या पिढीचा सारा पेच उभा राहतो, आणि तोही व्यासपीठापासून दूर.

पटवर्धन यांचा कॅमेरा या दुसऱ्या कुळातला आहे. तो खांद्यावर आहे, जमावात आहे, बहुधा बसलेल्या बायकामुलांच्या उंचीवर आहे. गाणे सुरू असताना तो श्रोत्यांकडे वळतो आणि तेथे रेंगाळतो. जलशातील श्रोता नुसता ऐकत नसतो. तो ओळ उचलतो, हसतो, मान डोलावतो, मध्येच उठून पोराला गप्प करतो. हा सारा व्यवहार चित्रपटात आला आहे. ‘वुडस्टॉक’मधील त्या सफाई कामगाराची आठवण व्हावी असे मुंबईच्या कचऱ्याचे प्रकरणही येथे आहे. फरक इतकाच की वॉडले यांच्यासाठी तो कामगार महोत्सवाच्या कडेला उभा असलेला एक माणूस आहे, तर पटवर्धन यांच्यासाठी कचरा उपसणारे आणि गाणारे हे एकाच समाजातले, पुष्कळदा एकाच घरातले लोक आहेत. गाणे कोणत्या श्रमातून वर येते हे दाखवण्यासाठी वेगळे निवेदन करावे लागत नाही.

‘गिमी शेल्टर’शी तुलना अधिक बोधक ठरते. अल्बर्ट व डेव्हिड मेझल्स आणि शार्लट झ्वेरिन यांच्या या चित्रपटात अल्टामाँट येथील मैफलीत मेरेडिथ हंटर या कृष्णवर्णीय तरुणाचा भोसकून झालेला खून कॅमेऱ्यात टिपला गेला. नंतर संकलनाच्या टेबलावर मिक जॅगरला तेच दृश्य दाखवले जाते आणि आपण पाहणाऱ्याला पाहत राहतो. (ती मैफल ६ डिसेंबर १९६९ ची. महाराष्ट्रात ६ डिसेंबरचा अर्थ काय हे वाचकांना सांगावयास नको. हा केवळ योगायोग आहे. परंतु चैत्यभूमीवर लाखोंच्या संख्येने येणारा, पुस्तके विकत घेऊन परतणारा जमाव पाहताना अल्टामाँटचा जमाव आठवल्याशिवाय राहत नाही.) मेझल्स बंधूंचा कॅमेरा मृत्यूच्या क्षणी हजर होता, म्हणून त्यांचा चित्रपट त्या क्षणाभोवती गुंडाळला गेला. पटवर्धन यांचा कॅमेरा गोळीबारानंतर पोहोचला. जे दिसले नाही ते त्याला साक्षींतून, जखमांतून आणि इतरांच्या चित्रफितींतून गोळा करावे लागले. गॅसचे टँकर पेटवले जाण्याची भीती होती, या गोळीबाराच्या समर्थनाची तपासणी हा चित्रपटातील सर्वांत शिस्तबद्ध भाग आहे. येथे दिग्दर्शक वकिलासारखा काम करतो. आवाज न चढवता तो एक एक तपशील समोर ठेवतो.

काळाचे काम

या चित्रपटाचे खरे सामर्थ्य त्याच्या कालावधीत आहे. मैफलीचा चित्रपट साधारणतः एका रात्रीचा वा तीन दिवसांचा असतो. येथे चौदा वर्षे आहेत. १९९७ साली जे मूल कॅमेऱ्याकडे टकमक पाहत होते ते पुढे बोलू लागते, वडिलांविषयी सांगू लागते. गोळीबाराचा आदेश देणारे पोलीस अधिकारी मनोहर कदम यांना २००९ मध्ये सत्र न्यायालय जन्मठेप सुनावते आणि पुढे उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळतो. दरम्यान रिपब्लिकन राजकारणातील नेते एकेकाळच्या विरोधकांच्या मंचावर जाऊन बसतात. नामदेव ढसाळ यांच्यासारखा कवी कोठून कोठे आला हे चित्रपट भाष्य न करता दाखवतो. दोन काळांतील दोन मंच शेजारी आले की पुरे होते. असे संकलन धीराशिवाय शक्य होत नाही. कोणतीही वाहिनी वा संस्था चौदा वर्षे थांबत नाही. दिग्दर्शक स्वतःच निर्माता असल्यामुळेच हे घडू शकले.

घोगरे यांचा आवाज या सर्व काळावरून परत परत येतो. मृत गायकाची जुनी ध्वनिचित्रफीत वापरणे ही माहितीपटातील नेहमीची युक्ती आहे आणि ती बहुधा भावविवश होते. येथे तसे होत नाही, कारण त्यांचे गाणे संपले की लगेच त्याच परंपरेतले दुसरे कोणी गात असते. संभाजी भगत यांच्यासारखा त्यांचा सहकारी, वस्तीतील एखादी वृद्ध गायिका, भीमजयंतीच्या मंडपातील कव्वाल. सत्यशोधक जलसे, भीमराव कर्डक यांचा आंबेडकरी जलसा, पुढे अण्णाभाऊ साठे व अमर शेख यांचे लाल बावटा कलापथक या प्रवाहाचा इतिहास चित्रपट व्याख्यानासारखा सांगत नाही. तो प्रवाह अजून वाहता आहे, इतकेच दाखवतो.

उत्तरार्धात पुण्याचा कबीर कला मंच येतो आणि चित्रपटाला नवा श्वास मिळतो. २००२ च्या गुजरात दंगलींनंतर उभे राहिलेले हे तरुणांचे पथक. खैरलांजीच्या हत्याकांडानंतर (२००६) गाणारी शीतल साठे पडद्यावर आली की आतापर्यंतचे सारे आवाज जणू तिच्यासाठी वाट करून देतात. तिच्या गळ्यातील ताकद, शब्दांवरची पकड आणि श्रोत्यांकडे रोखून पाहण्याची पद्धत पाहता, केवळ या दृश्यांसाठीही चित्रपट जपून ठेवावा असे म्हणावे लागते. २०११ मध्ये मंचाच्या सदस्यांवर बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली कारवाई सुरू झाली आणि काही जण भूमिगत झाले. चित्रपट तेथे येऊन ठेपतो. शीतलच्या आईशी झालेला संवाद हा चित्रपटातील सर्वांत निराभरण भाग आहे. देवाधर्मावर श्रद्धा ठेवणारी ती आई मुलीच्या वाटेविषयी जे बोलते, त्यात तक्रार शोधूनही सापडत नाही. एखाद्या दिग्दर्शकाने येथे पार्श्वसंगीत घातले असते. पटवर्धन थांबतात आणि ऐकतात.

मर्यादा

आता दोषांकडे वळावयास हवे. पहिला दोष गाण्यांशीच निगडित आहे. ज्या चित्रपटाचा प्राण गाणे आहे त्यात अनेक गाणी मध्येच थांबतात. दोन कडवी होतात, तिसऱ्याला मुलाखत सुरू होते किंवा बातमीचे कात्रण येते. गाणे येथे पुष्कळदा पुढील माहितीचे शीर्षक किंवा मागील माहितीचा पुरावा बनते. जलशातील गाण्याची रचना मात्र साठत जाणारी असते. ध्रुपद परत परत येते, दर वेळी कोरस थोडा चढा लागतो आणि शेवटच्या कडव्यात शाहीर जे सांगतो त्याचा आघात या साठवणुकीवर अवलंबून असतो. गाणे तोडले की आशय उरतो, आघात जातो. ‘वुडस्टॉक’ हा काही सर्व बाबतींत आदर्श चित्रपट नव्हे, त्यातील दुभंगलेला पडदा आज काहीसा कंटाळवाणा वाटतो. परंतु तेथे गायकाला गाणे पूर्ण करू दिले जाते.

याला जोडूनच दुसरी गोष्ट. गाणे घडते कसे, हे चित्रपटात फारसे दिसत नाही. चाल कोठून येते, लोकप्रिय चित्रपटगीताची चाल घेताना शाहीर तिच्यात काय बदल करतो, ढोलकी वा डफाचा ठेका कोण ठरवतो, तालमीत कोणती ओळ गाळली जाते? शाहिरी कवितेच्या अभ्यासकाला हे प्रश्न पडतात आणि चित्रपट त्यांना वळसा घालतो. वादकांच्या वाट्याला तर फारच थोडा पडदा आला आहे. महाविद्यालयात हा चित्रपट दोन दिवसांत विभागून दाखवला, तेव्हा गंजाडकडच्या एका विद्यार्थ्याने विचारलेला पहिला प्रश्न गोळीबाराविषयी नव्हता. ‘ढोलकी वाजवणारा कोण होता?’ असे त्याने विचारले. तारपा ऐकत वाढलेल्या मुलाला वादक आधी दिसतो, यात नवल नाही.

परदेशी प्रेक्षक तर उपशीर्षकांतून केवळ अर्थ घेऊन जातो. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशाच्या मदतीसाठी झालेल्या मैफलीत रविशंकर व अली अकबर खाँ यांनी वाद्ये जुळवली त्यालाच श्रोत्यांनी टाळ्या दिल्या, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. अर्थ कळतो, नाद कळत नाही किंवा उलट, अशी गफलत अपरिचित संगीताच्या बाबतीत होतेच. ती कमी करणे हे चित्रपटाचे काम होते.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे. घोगरे यांना त्यांच्या संघटनेने शिस्तभंगाच्या कारणावरून दूर केले होते, हे चित्रपट सांगतो. त्यांच्या मृत्यूकडे पाहताना ही गोष्ट गोळीबाराइतकीच महत्त्वाची आहे. परंतु गोळीबाराची जी उलटतपासणी दिग्दर्शक करतो, तिच्या निम्म्यानेही तो या निर्णयाची करत नाही. डाव्या पक्षांनी जातीचा प्रश्न दीर्घकाळ दुय्यम मानला, हे सर्वसाधारण विधान येते आणि प्रकरण पुढे सरकते. कलापथकातील गायकाने पोटासाठी कोठे गावे, कोणी ठरवावे, संघटनेच्या बैठकीत त्याचे म्हणणे कोणत्या शब्दांत नोंदले गेले, हे प्रश्न खरे तर शीर्षकातील दोन शब्दांमधले अंतर मोजणारे आहेत. मित्रांची उलटतपासणी अवघड असते हे खरे. मात्र ती न झाल्यामुळे घोगरे यांची आत्महत्या अखेरीस प्रतीक बनते. एका माणसाचा निर्णय म्हणून ती आपल्या हाती लागत नाही.

चौथी बाब शिवाजी पार्कच्या प्रसिद्ध दृश्यांची. ६ डिसेंबरच्या गर्दीविषयी तेथील मध्यमवर्गीय रहिवासी जे बोलतात ते ऐकताना सभागृहात हशा पिकतो. आमच्या वर्गातही तो पिकला. पण हा हशा स्वस्त आहे. अस्वच्छतेची तक्रार करणारी चार माणसे पकडून त्यांच्या तोंडून जातीयता वदवली, तर जात ही काही जणांच्या असभ्यतेची गोष्ट ठरते आणि प्रेक्षक स्वतःला तिच्यातून वगळतो. प्राध्यापकवर्गाने तर या दृश्यांना हसण्यापूर्वी दोनदा विचार करावा. याच चित्रपटातील कचऱ्याचे प्रकरण जातीची रचना दाखवते; शिवाजी पार्कचे प्रकरण फक्त तिची भाषा दाखवते.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) या ठिकाणी आठवतो. तो कथाचित्र आहे. एका गाण्यामुळे सफाई कामगार आत्महत्येला प्रवृत्त झाला असा आरोप असलेल्या वृद्ध लोकशाहिराचा खटला त्यात आहे. त्याचे संगीत संभाजी भगत यांचे, आणि शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार हे स्वतः आंबेडकरी चळवळीतले. ताम्हाणे जलशाचे दृश्य स्थिर, दूरच्या चौकटीत ठेवतात. कॅमेरा हलत नाही, गाणे तुटत नाही. पटवर्धन यांच्या धावत्या, तप्त कॅमेऱ्याला जे साधले नाही ते या थंड चौकटीला साधले आहे. उलटपक्षी श्रोत्यांचे चेहरे ‘कोर्ट’मध्ये इतके जवळून कधीच भेटत नाहीत. दोन्ही चित्रपट वर्गात एकामागून एक दाखवावेत, इतके ते एकमेकांना पूरक आहेत.

रिंगणातून पाहताना

डहाणू-तलासरीच्या भागातून या चित्रपटाकडे पाहिले की आणखी एक गोष्ट जाणवते. जलशाला मंच असतो. तारप्याला मंच नसतो. नवे भात तयार झाल्यापासून दिवाळीच्या सुमारापर्यंत रात्री जो तारपा वाजतो त्यात वाजवणारा मध्ये असतो, नाचणारे त्याच्याभोवती फिरतात आणि तारप्याकडे पाठ करायची नाही असा दंडक पाळला जातो. नुसता पाहणारा असा तेथे कोणी उरत नाही. गंजाडच्या कलमीपाड्यात राहून रेखाटणाऱ्या जिव्या सोमा मशे यांनी (त्यांना पद्मश्री मिळाली तेही वर्ष २०११) हे दृश्य असंख्य वेळा काढले. त्यांच्या चित्रात नाचणाऱ्यांची ओळ पुष्कळदा बंद वर्तुळ न होता शंखासारखी आत वळत जाते. तेथे समोरची बाजू नाही. कॅमेऱ्याला मात्र समोरची बाजू लागते. म्हणून सांस्कृतिक महोत्सवांत आणि पर्यटकांसमोर हे रिंगण उघडते, अर्धवर्तुळ होते, मग सरळ ओळ होते. लग्नाच्या चौकापुढे धवलेरी गाते ते गाणेही असेच. ते विधीचा भाग असते; सोयीसाठी दोन कडव्यांवर थांबवता येत नाही.

पटवर्धन यांचा कॅमेरा रिंगणात शिरण्याची धडपड करतो, हे त्याचे मोठेपण. तो तेथे राहत नाही, पुरावा गोळा करण्यासाठी परत परत बाहेर पडतो, ही त्याची अडचण. ती केवळ त्याची वैयक्तिक अडचण नव्हे. ज्यांच्यावर गोळीबार झाला त्यांच्या गाण्याकडे केवळ गाणे म्हणून पाहण्याची सवड कोणाला असते? १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. त्या दिवशी तेथे कॅमेरा नव्हता. त्या लढ्याची हकिकत आपल्याला गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकातून मिळते. रमाबाई नगराच्या बाबतीत निदान आवाज आणि चेहरे उरले, ही या चित्रपटाची देणगी तलासरीच्या वाचकाला अधिक तीव्रतेने कळेल.

चित्रपट पूर्ण झाल्यानंतरचा इतिहासही त्याच्याशी जोडून वाचावा लागतो. कबीर कला मंचाच्या बचावासाठी स्थापन झालेल्या समितीत पटवर्धन यांनी पुढाकार घेतला. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे व सचिन माळी विधानभवनाबाहेर स्वतःहून पोलिसांपुढे हजर झाले. गरोदर असलेल्या शीतल यांना त्याच वर्षी जूनमध्ये जामीन मिळाला, तर सचिन माळी, सागर गोरखे व रमेश गायचोर यांना त्यासाठी जानेवारी २०१७ पर्यंत थांबावे लागले. सप्टेंबर २०२० मध्ये गोरखे व गायचोर यांना, तसेच ज्योती जगताप यांना भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झाली. पडद्यावर डफ वाजवणारे हात पुढे इतकी वर्षे तुरुंगात जाणार आहेत, हे २०११ च्या प्रेक्षकाला ठाऊक नव्हते. आज ते ठाऊक असताना चित्रपट पाहिला की तुटलेल्या गाण्यांची रुखरुख वाढते.

चौदा वर्षांच्या चित्रीकरणातील फारच थोडा भाग अंतिम चित्रपटात येतो. जे जलसे मुळात सलग टिपले गेले असतील ते स्थळ, तारीख, कवी, गायक आणि वादक यांच्या नावांसह सूचीबद्ध होऊन विद्यापीठांच्या ग्रंथालयांत अभ्यासकांना ऐकावयास मिळाले, तर शाहिरी वाङ्मयाच्या संशोधनाला मोठा आधार मिळेल. मराठी विभागांनी अशी मागणी दिग्दर्शकाकडे रीतसर करावी. ढोलकी वाजवणाऱ्याचे नाव त्या सूचीत सापडू शकेल.